निर्धूर शेगडीची राख

१

कोणीच उत्तर दिले नाही.

प्रश्न साधा होता आणि काकासाहेब चौथे यांनी तो साध्याच आवाजात विचारला होता : त्या सकाळी खोलीत कसला वास होता? परंतु हुकमचंद शेठजींच्या पेढीवर बसलेले तिघे जण असे गप्प झाले की बाहेर जिनिंगचे पट्टे थांबल्याचा भास व्हावा. पट्टे चालूच होते. रुईचे तंतू दारातून आत तरंगत येत होते, कुणाच्या टोपीवर, कुणाच्या मिशीवर बसत होते. आणि मधोमध, साक्षीला बोलावलेल्या मुक्या माणसासारखी, एक रिकामी लोखंडी शेगडी ठेवलेली होती.

याच शेगडीशेजारी, पौषातल्या एका सकाळी, मच्छिंद्र तौर मृत सापडला होता. हुकमचंदांच्या कारखान्याच्या आवारातली त्याची खोली; हंगामात रात्री तो तिथेच झोपे. अंगावर कोरडे कपडे, डोक्यावर कानटोपी, गळ्यापर्यंत रजई. दाराला आतून कडी लावलेली नव्हती. पण दाराखिडकीच्या फटींत पोत्याचे तुकडे कोंबलेले होते. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांचा वायू साठला, आणि जळणाची निर्धूर वडी करणारा माणूस आपल्याच वडीने मेला, असा निवाडा पोलिसांच्याही आधी गावाने देऊन टाकला. गावाला असे निवाडे आवडतात. त्यांत दुःख करावे लागत नाही, नुसती मान हलवली की पुरते.

मच्छिंद्र हैदराबादहून विज्ञानाची पदवी घेऊन जालन्यास परतला, तेव्हा त्याच्या आईचे डोळे चुलीच्या धुराने पूर्ण गेले होते. कापूस वेचून झाल्यावर शेतोशेती उभी राहणारी वाळकी पऱ्हाटी हेच इथल्या गरिबांचे सरपण. त्या काडीतला खार पाण्यात उतरवला की ती स्वच्छ जळते, हे त्याचे सूत्र. काड्या तोडून हौदात भिजवायच्या, पाणी बदलून पुन्हा भिजवायच्या, वाळवायच्या, मातीने झाकलेल्या खड्ड्यात अर्धवट जाळायच्या, कुटायच्या आणि ज्वारीच्या खळीत कालवून साच्यात दाबायच्या. हुकमचंदांनी जागा, हौद आणि साचा दिला. दोन हिवाळ्यांत जालन्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांच्या भिंती पुन्हा भिंतींसारख्या दिसू लागल्या.

"वास?" अखेर हुकमचंदांनी घसा खाकरला. "दार मीच उघडलं, काकासाहेब. बंद खोलीचा असतो तसा वास. धूर बिलकुल नव्हता. भिंती बघा ना जाऊन. दिवाळीला चुना दिला, अजून तसाच पांढरा आहे."

"तेच तर!" लाकडाच्या वखारीचे मालक गिरधारीलाल मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगून राह्यलो. धुराची आग सांगून येते, बिनधुराची गुपचूप. बाभळीचं लाकूड जाळा; खोकला येईल, पण जीव ऱ्हाईल."

"वखारीची जाहिरात दुखवट्यात तरी करू नका, गिरधारीलालजी," हुकमचंद म्हणाले.

तिसरा माणूस भिंतीला टेकून बसला होता. भुजंग उढाण, मच्छिंद्राचा मेहुणा, कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या मोसंबीच्या बागेचा मालक. त्याने शेगडीकडे एकदाही पाहिले नव्हते.

"मेलेल्या माणसाची राख कशाला उकरता, काकासाहेब?" तो म्हणाला. "बहीण माझी, उशी, अजून सावरली न्हाई. तिचा तरी इचार करा."

"तिनंच उकरायला सांगितलंय," काकासाहेब म्हणाले.

तेव्हा मात्र भुजंगने वर पाहिले.

२

काकासाहेब निजामी अमदानीत अमीन, म्हणजे पोलीस अंमलदार, होते. ती अमदानी गेली, खाते बदलले, गणवेश बदलला. त्यांना मिळाली ती थोडीशी पेन्शन आणि पुष्कळसे एकटेपण. तपकिरीच्या व्यसनाने नाकाची जाण कधीच मारून टाकली होती. म्हणून ते प्रत्येकाला वास विचारत. माणसे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी तयार उत्तर देतात, वासाविषयी त्यांना आठवावे लागते, आणि आठवताना माणूस क्षणभर उघडा पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

मच्छिंद्राची बायको उषाबाई ही त्यांच्या मित्राची, कैलासवासी रंगनाथराव उढाणांची मुलगी. रंगनाथरावांच्या बागेतली मोसंब्यांची टोपली दरवर्षी दिवाळीनंतर काकासाहेबांकडे यायची. मित्र गेल्यावरही भुजंगने तो शिरस्ता मोडला नव्हता. यंदाच तेवढी आली नव्हती. बहर धरला नाही, असा निरोप आला होता.

"मला एकच सांगा," काकासाहेब पेढीवरून तिच्या घरी आले तेव्हा उषाबाई म्हणाली. तिच्या कपाळावरची कुंकू पुसलेली जागा अजून फिकट दिसत होती. "वडी इकताना हे हरेक गिऱ्हाइकाला बजवायचे. खिडकी उघडी ठेवा, दार उघडं ठेवा. लोक हसायचे, म्हणायचे, मास्तर, थंडी घालवायला शेगडी अन् थंडी यायला खिडकी, मंग तुमची वडी घ्यायची कशाला? तो माणूस फटीत पोती कोंबून झोपंल का?"

"आळस, थंडी, थकवा. माणूस आपलाच नियम मोडतो."

"हे न्हाई मोडायचे. शेठजी म्हणून राह्यले, महिनाअखेर हौद बुजवतो. वडी निर्दोष ठरली तर चालू ठेवीन, म्हणाले, तुम्हीच बघा कारखाना. न्हाई तर कोण घेणार? गल्लीतल्या बाया वड्यांच्या पाट्या माझ्या दारात आणून वतून गेल्या. नवरा खाणारी शेगडी म्हणतात. दोन वर्षं ज्यांचा खोकला थांबला, त्याच."

काकासाहेबांची नजर फळीवर गेली. पितळेची भांडी ओळीने लावलेली होती, आणि त्या अंधाऱ्या घरात ती अशी झळाळत होती की दुःखाशी त्यांचे काही नातेच नसावे.

"भांडी लख्ख निघाली आहेत."

"तेराव्याच्या आदल्या दिवशी घासली. त्या शेगडीतलीच राख. राख कुणी टाकतं का?" उषाबाईने तळहात पुढे केला. बोटांची सालपटे निघाली होती. "हात सोलले बघा. मला हे हसायचे. मी म्हणायचे, तुमच्या राखेनं साधा तांब्यासुद्धा निघत न्हाई, सगळा जोर त्या हौदात बुडवून आणता. भांड्यापुरती तरी गिरधारीलालच्या लाकडाची राख आणून..."

वाक्य तिथेच राहिले.

काकासाहेबांनी उरलेली राख मागितली. ती एका पाटीत होती. चिमूटभर वाटीत घेऊन त्यांनी पाणी घातले, ढवळले, वरचे निवळ पाणी देवाजवळच्या तेलकट समईवर ओतले आणि बोट फिरवले. तेलाचा थर साबणासारखा बुळबुळीत होऊन निसटला. मग त्यांनी दारातल्या वड्यांच्या ढिगातली एक वडी परसात जाळायला लावली आणि ती विझेपर्यंत, दुपार कलेपर्यंत, ते बसून राहिले. तिच्या राखेचे पाणी समईच्या दुसऱ्या अंगाला घातले. तेल होते तसेच राहिले.

"धुतलेल्या काडीत खार उरत नाही," काकासाहेब म्हणाले. "शेगडीतली राख तुमच्या यजमानांच्या वडीची नव्हे. कच्च्या सरपणाची आहे. आणि कच्चं सरपण बंद खोलीत जळलं, तर भिंती काळ्या होतात."

"भिंती तर पांढऱ्या हाईत," उषाबाई हळूच म्हणाली.

"म्हणजे ही आग त्या खोलीत कधी जळलीच नाही."

तोच आतल्या अंधारातून एक म्हातारा आवाज आला, "वासाचं इचारायचं तर मला इचारा."

३

साळूबाई, मच्छिंद्राची आई, घोंगडीवर बसली होती. तिचे पांढरे डोळे कुणाकडेच पाहत नव्हते, म्हणून ते सगळ्यांकडेच पाहत आहेत असे वाटे.

"लेकराला आंघूळ घातली तवा समदे म्हणले, म्हातारीला लांब ठिवा. मी कशाची ऱ्हाते! तोंडावरून हात फिरविला. कपडे कोरडे, टोपी कोरडी. अन् कानातला बोळा वला."

जालन्याकडे थंडीत माणसे कानांत कापसाचे बोळे घालतात. घराघरांत कापूस, त्यामुळे ही सवय श्वासासारखी. बोळा घातला आहे हे घालणाराही विसरतो.

"आंघोळीच्या पाण्यानं ओला झाला असेल, आई," काकासाहेब म्हणाले.

"पानी घालायच्या आदी म्हणून राह्यले मी. गार, वला. काढला, हुंगला. हौदाचा वास. सडक्या काडीचा, आंबूस. दोन वरसं माझा लेक त्योच वास घेऊन घरी यायचा, मला काय ठावं न्हाई?" तिने पदराची गाठ चाचपडत सोडली. "सुनेला म्हणले तर ती रडत व्हती. बाकीच्यायला म्हणले तर ते म्हणले, म्हातारीला भरम झालाय. मंग म्हणलं, इचारील तवा इचारील कुणी."

गाठीतून निघालेला कापूस आता वाळला होता. काकासाहेबांनी तो उजेडात नेला. वेचणीतला पांढरा कापूस काळ्या चहात बुडवून वाळवला तर जसा दिसेल, तसा तो गर्द तपकिरी होता. त्यांनी सवयीने तो नाकाशी नेला आणि मग आपल्याच सवयीची लाज वाटून खाली घेतला.

मच्छिंद्र वायूने मेला नव्हता. तो हौदात बुडून मेला होता. कुणीतरी त्याला बाहेर काढले, ओले कपडे उतरवले, खोलीतले कोरडे कपडे चढवले, वर कानटोपी घातली, रजई पांघरली, फटी बुजवल्या आणि उशाशी शेगडी मांडली. सगळे आठवणीने केले. फक्त कानांत पाहिले नाही.

उषाबाईने कापसाकडे हात पुढे केला.

"बुडाला असंल. पाय घसरून," ती म्हणाली. "कुणी घाबरून लपवलं असंल."

"घाबरलेला माणूस पळतो, बाई. हा थांबला. याला तुमचे यजमान मेलेले दाखवायचे नव्हते, ते वडीने मेलेले दाखवायचे होते." काकासाहेबांनी कापूस रुमालात ठेवला. "वडी बदनाम झाल्यानं कुणाचं भलं होतं, ते शोधायचं."

४

ज्याचे भले होत होते तो वखारीतच भेटला. बाभळीच्या ओंडक्यांच्या राशीवर बसून गिरधारीलाल शेंगा सोलत होते.

"माझ्यावर संशय ना? घ्या, शेंगा खा. तो गेला, दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक परत आलं. खोटं कशाला बोलू? पण काकासाहेब, माझ्या घरची गंमत ऐका. आमच्या सुगनबाई! मी इथं बसून वडीला शिव्या घालायचो अन् ती मागच्या दारानं वडीच घरात आणायची. मला वर्षभर पत्ता नाही. एक दिवस विचारलं, तुझा खोकला कुठं गेला? तर म्हणते, देवाची कृपा."

काकासाहेबांच्या ओठांवर हसू आले नाही, पण त्याची सावली येऊन गेली. "मग तुमच्या घरची राख वडीची असते?"

"वडीची. अन् वखारीत बाभळीची. बायको मला लाकूड घरात आणू देईना, तेव्हा काय करता?" गिरधारीलालांनी टरफले फुंकली. "गिऱ्हाइकाची मात्र वाट लागली होती. शेठजी वडीवर गेले, वकील वडीवर गेले. तुमच्या दोस्ताचा पोरगा, भुजंग, तोही बंद झाला. तो वडी घ्यायचा नाही, मच्छिंद्राचा सोयरा-पाहुणा असून शिवत नव्हता. पण लाकूडही घेईना. विचारलं, तर म्हणे, मला घरचंच सरपण मोप झालंय."

हुकमचंद पेढीवर होते. काकासाहेबांनी विचारले, तेव्हा त्यांनी लपवले नाही. होय, भांडण झाले होते. मच्छिंद्र आपली कृती परभणीच्या सरकारी शेतीखात्याला फुकट देऊन टाकणार होता. "मी म्हटलं, जागा माझी, हौद माझा, साचा माझा, अन् पुण्य एकट्याचं तुझं? बोललो. रागात बोललो. पण काकासाहेब, माणूस मेला तर मला मिळालं काय? बंद पडलेला कारखाना."

"त्या संध्याकाळी आवारात कोण होतं?"

"संक्रांतीचा बाजार होता. दिवस मावळायच्या आधीच मजूर सोडले. मी घरी. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. मच्छिंद्र हंगामात रात्री आतच झोपायचा, त्याला लागत नव्हती."

"आत यायला दुसरी वाट?"

"भिंत. तिला हौदाच्या अंगाला बागेत उघडणारी एक दिंडी आहे, वाकून जायचं दार. ती पाहुण्याच्या येण्याजाण्याची. मेहुणे मेहुणे, मी कशाला बंद करू?"

"तुमच्या घरी काय जळतं, शेठजी?"

"वडीच," ते थोडे ओशाळून म्हणाले. "सगळ्या गावानं फेकली. आमच्या लाडबाई म्हणाल्या, मरायचं तर मरू, पण डोळे उघडे ठेवून मरू."

काकासाहेब उठले. दोघांच्याही घरी वडीचीच राख होती. शेगडी भरायचीच असती, तर दोघांनीही खरी राख आणून ओतली असती आणि कुणाला कधीच काही कळले नसते. चूक करणारा माणूस ज्याच्या घरात वडी शिरलीच नव्हती असा होता. आणि ज्याला वाट पाहायला वेळ नव्हता असाही. ती वडी मंद जळे, संध्याकाळी पेटवली की पहाटे विझे. तिची राख होईपर्यंत प्रेताजवळ रात्र काढावी लागली असती.

म्हणून कुणीतरी आपल्या घरची चूल उचलून आणली होती.

५

ती कुणाची चूल, हे राखेलाच विचारणे भाग होते.

उषाबाईने पिठाची जुनी चाळण काढून दिली. ओसरीवर बसून काकासाहेबांनी पाटीतली राख थोडी थोडी चाळली. खाली पडत होती ती करड्या धुळीसारखी. वर उरत होते ते कोळशाचे कण, मातीचे खडे, वडीचे दोन अर्धवट तुकडे. तेवढ्या दोन वड्या वर ठेवायचे त्या माणसाला सुचले होते.

आणि मग चाळणीत काहीतरी घरंगळले.

गोटीएवढी, काळी, टणक वस्तू. मागोमाग आणखी एक. काकासाहेबांनी ती बोटांत फिरवली. बी नव्हे, बाभळीच्या शेंगेत असे काही नसते, पऱ्हाटीच्या बोंडात तर नाहीच. त्यांनी खिशातला चाकू उघडून तिचे दोन भाग केले.

आत एक चाक होते. जळून काळे झालेले, पण नक्षी मोडली नव्हती : मध्यबिंदूपासून कडेपर्यंत निघालेल्या बारीक भिंती, भिंतींमधल्या कोरड्या पोकळ्या. जन्माला येण्याआधीच संपलेल्या रसाच्या खोल्या. काकासाहेबांनी आयुष्यात दर हिवाळ्याला ही नक्षी पाहिली होती. फक्त ती तेव्हा पिवळी होती, ओली होती, आणि रंगनाथराव ती आपल्या हाताने चिरून त्यांच्यापुढे ठेवत.

"काय सापडलं?" उषाबाईने विचारले.

झाडावरच वाळलेले, लिंबाहूनही लहान मोसंबे. मोसंबीची फांदी कोण जाळतो? फळते झाड कुणी चुलीत घालत नाही. ती जळते, जेव्हा झाड मेलेले असते. जेव्हा झाडे इतकी मेलेली असतात की घरचेच सरपण मोप होते.

त्यांनी तो अर्धा भाग तिच्या सोललेल्या तळहातावर ठेवला. मालक होऊन नव्हे, पण बागेत वाढलेली मुलगी होती ती. तिला सांगावे लागले नाही. तिची मूठ हळूहळू मिटली.

"चला," ती म्हणाली.

६

भिंतीच्या अलीकडे हौद होता, पलीकडे बाग. बाग म्हणायची ती सवयीने. भिंतीलगतच्या ओळी तोडून झाल्या होत्या आणि बुंध्यांचे नुसते खुंट जमिनीत उरले होते. पुढच्या ओळींतली झाडे उभी होती, पण पाने गळून, काटे उघडे पडून. त्यांच्या टोकांना काळ्या गोट्या अजून लटकत होत्या. फक्त अगदी दूरच्या बांधाला थोडी हिरवळ होती, तीही पिवळी पडू लागलेली. भुजंगच्या झोपडीच्या दाराशी चूल होती, शेजारी मोसंबीच्या फाट्यांची रास. विहिरीच्या काठावर भुजंग बसला होता.

बहिणीला पाहून तो उठला. तिची बंद मूठ पाहून पुन्हा बसला.

काकासाहेबांनी सगळे सांगितले. ते आवाज न चढवता, एखाद्या परक्या प्रांताची हकीकत सांगावी तसे बोलले : भांडी घासणारी राख, पांढऱ्या भिंती, कानातला कापूस, भिंतीतली दिंडी, चाळणीतली गोटी. "कच्चं सरपण पुष्कळांच्या चुलीत असतं, भुजंगराव. पण मेलेली मोसंबी जालन्यात एकाच चुलीत जळते आहे. आणि हौद बंद पडावा असं खरोखर एकाच माणसाला वाटत होतं. गिरधारीलालला गिऱ्हाईक हवं होतं. तुम्हाला पाणी हवं होतं."

भुजंगने नाकारले नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काहीतरी येऊन गेले, आणि तेच पाहायला सर्वांत कठीण होते.

"काडीतला खार जातो कुठं, हे कुणी इचारलं का?" तो म्हणाला. "हौदातलं काळं पाणी भिंतीखालून मुरमात सोडत व्हते. पह्यल्या साली इहिरीचं पाणी मचूळ झालं. दुसऱ्या साली खारट, कडू. बैल तोंड लावीना. आबांनी लावलेली झाडं, एकेक ओळ, शेंड्याकडून वाळत आली. मी पाहुण्याला म्हणलो. हात जोडले. तो रागावला न्हाई, हसला न्हाई. दर येळी एकच : पुढल्या हंगामात पाणी वळवायला चारी काढू, भुजंगराव. पुढल्या हंगामात."

"ते काढणारच व्हते," उषाबाई म्हणाली.

"हंगाम माणसाला आस्तो, उशे, मुळ्यांना न्हाई."

तेच पाणी उन्हाळ्यात माळावर पातळ पसरले असते, तर त्याचे खत झाले असते, हे काकासाहेबांना ठाऊक होते. मच्छिंद्रालाही असणार. त्यांनी ते उच्चारले नाही. काही ज्ञाने उशिरा उच्चारली की क्रूर होतात.

"त्या दिशी मी इहिरीचं पाणी पेल्यात घेऊन गेल्तो. म्हणलो, शिकलेला माणूस हाईस, एक घोट पी, अन् तूच सांग. त्यानं पेला हातात घेतला. पाह्यलं. अन् खाली ठिवला. म्हणला, मला म्हाईत हाय त्यात काय असंल ते." भुजंगने दोन्ही हात समोर धरले. "म्हाईत व्हतं त्याला! मंग मी मान धरली. म्हणलो, माझं पीत न्हाईस तर तुझं पी. हौदात दाबली. मी आता सोडतो, आता सोडतो म्हणून राह्यलो मनात. हात माझा ऐकंना."

कुणीतरी पलीकडे पेढीवर हसले. जिनिंगचे पट्टे चालूच होते.

"अन् मंग वडीवर घातलंस," उषाबाई म्हणाली.

"न्हाई तर काय उपेग? माणूस गेला तरी हौद चालूच ऱ्हायला असता. शेठजीनं दुसरा शिकलेला आणला असता." त्याने दूरच्या हिरव्या बांधाकडे हात केला. "तेवढी वाचतील, म्हणलं."

काकासाहेबांनी काठी टेकली. ते बहिणीला सांगत होते की भावाला, हे त्यांनाच नीट उमगत नव्हते. "मला ठाण्यावर जावं लागेल. वडी निर्दोष आहे, हे त्यातच सिद्ध होईल. शेठजी शब्दाचे पक्के आहेत. हौद पुन्हा भरेल. बाई, कारखाना तुमच्या हाती येईल, आणि ती चारी काढायची की नाही, हेही. पण ती निघेपर्यंत पाणी इथंच उतरेल."

साळूबाईचे पांढरे डोळे. गल्लीतल्या बायांचे थांबलेले खोकले. ही मेलेली ओळ. त्यांच्यातले काहीही कशाच्याही बदल्यात परत येणार नव्हते, तरी सगळे तिथे, त्या विहिरीच्या काठावर, एका बाईच्या उत्तराची वाट पाहत उभे होते.

"तुलाबी सांगितलं व्हतं, उशे," भुजंग म्हणाला. आता त्यात आरोप नव्हता. तो लहानपणी बोले तसा बोलत होता. "पंचमीला आल्तीस तवा. म्हणलो, जरा पिऊन बघ अन् त्याला सांग. तू म्हणलीस, दादा, आता जल्दी हाय, पुढल्या येळी."

उषाबाई विहिरीजवळ गेली. मुठीतली काळी गोटी तिने काठावर ठेवली. बादली सोडली, ओढली, ओंजळ भरली. पाणी स्वच्छ दिसत होते. निवळशंख, आभाळ दाखवणारे. सोललेल्या हातांना ते झोंबत असावे. तिने ओंजळ तोंडाला लावली आणि प्यायली. थुंकली नाही. सगळे गिळले.

भुजंग उठून उभा राहिला होता. एखाद्या मोठ्या परीक्षेचा निकाल ऐकायला माणूस उभा राहतो तसा.

"सांग ना, उशे," तो म्हणाला. "कसं लागलं?"

तिने ओला हात पदराला पुसला, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि वाळल्या झाडांच्या ओळीतून ती रस्त्याकडे चालू लागली.